मेलिटिन आणि लायपोसोम: या चुका टाळा

विषातली पेप्टाइडं पेशीपटलाशी कशी वागतात हे शिकायला बहुतेक जण मधमाशीच्या मेलिटिनपासून सुरुवात करतात. २६ अमिनो आम्लं, ६ धन प्रभार, आणि ते पटलात शिरलं का हे सांगायला १९व्या जागी एक ट्रिप्टोफॅन, हे चकाकणारं अमिनो आम्ल. परिणाम काही मिनिटांत दिसतो. त्यामुळेच नवे लोक घाई करतात, आणि दरवर्षी त्याच चुका माझ्यासमोर येतात.

पहिली चूक मी स्वतः केली आहे. मेलिटिन विषातून वेगळं केलेलं आहे की संश्लेषित, हे विचारलंच नाही. विषात फॉस्फोलायपेज ए२ हे विकरही असतं आणि शुद्धीकरणानंतर त्याचा अंश मागे राहू शकतो. पीओपीसी आणि पीओपीजी ही लिपिडं ३:१ प्रमाणात घेऊन बनवलेल्या लायपोसोममध्ये, म्हणजे लिपिडच्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये, आम्ही कार्बॉक्सिफ्लुओरेसिन हा रंग भरला होता; आत दाटीत तो मंद असतो, बाहेर गळला की चकाकतो. मेलिटिन घालताच चकाकी उसळली. मेलिटिनमुळे होणारी गळती सहसा अशीच झटक्यात होते आणि मग मंदावते. आमची मात्र तीन तास चढतच राहिली. मंद उघडणाऱ्या छिद्रांची कल्पना फळ्यावर रंगवण्यात दीड महिना गेला. शेवटी विद्यार्थिनीने लिपिडं वेगळी करून दाखवणारी टीएलसी प्लेट लावली, तेव्हा लायसोलिपिडचा, म्हणजे एक शेपटी तुटलेल्या लिपिडचा, ठिपका दिसला. लिपिडच तुटत होतं! शरीरातल्यासारखं वातावरण हवं म्हणून मी बफरमध्ये २ मिलिमोलर कॅल्शियम घातलं होतं, आणि या विकराला कॅल्शियमच लागतं. कॅल्शियम बांधून ठेवणारं ईडीटीए ५ मिलिमोलर घातल्यावर ती चढण गेली. आता मी संश्लेषित मेलिटिनच घेते, आणि कॅल्शियमची खरी गरज नसेल तर बफरमध्ये ईडीटीए असतंच.

दुसरी चूक वजनाची. १ मिलिग्रॅम पावडर म्हणजे १ मिलिग्रॅम पेप्टाइड नव्हे. प्रत्येक धन प्रभाराला एक ट्रायफ्लुओरोअॅसिटेट (शुद्धीकरणातून येणारा ऋण आयन) चिकटला असेल, तर जवळपास १९ टक्के वजन त्याचंच असतं, वर ओलावा निराळा. मग १:१०० म्हणून लिहिलेलं पेप्टाइड-लिपिड प्रमाण प्रत्यक्षात १:१२५ असतं, आणि गळतीचा सगळा अर्थ या प्रमाणावर उभा आहे. २८० नॅनोमीटरला शोषण मोजा, ट्रिप्टोफॅनच्या ५,५०० या मोलर गुणांकाने भागा, खरी तीव्रता मिळते. पाच मिनिटांचं काम आहे, ते टाळणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. लिपिडही, बाहेरचा रंग काढणाऱ्या कॉलमनंतर, फॉस्फेटने पुन्हा मोजा, कारण कॉलममध्ये थोडं अडकतं. सौम्य द्रावण प्लास्टिकच्या नळीत रात्रभर ठेवू नका, पेप्टाइड भिंतीला चिकटतं.

डीपीपीसी हे लिपिड ४१ अंशांखाली जेल, म्हणजे गोठल्यासारख्या, अवस्थेत असतं. खोलीच्या तापमानाला त्यावर प्रयोग करून जिवंत पटलाबद्दल बोलू नका.

बाहेरच्या बफरची ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांची एकूण तीव्रता) आतल्या रंगाच्या द्रावणाशी जुळवा.

जास्त चिकटतं म्हणजे जास्त गळती करतं, हे गृहीत धरू नका. ऋण प्रभाराच्या लिपिडवर मेलिटिन घट्ट बसतं, पण तिथे पृष्ठभागावरच अडकल्याने गळती उलट कमी होऊ शकते. म्हणून मी बंधन ट्रिप्टोफॅनच्या चकाकीवरून आणि गळती रंगावरून, असे दोन वेगळे प्रयोग एकाच दिवशी, लायपोसोमच्या एकाच बॅचवर करते. शंभर टक्के गळतीसाठी ट्रायटन (सगळे लायपोसोम फोडणारा डिटर्जंट) एकाच क्युव्हेटमध्ये, म्हणजे मोजमापाच्या पात्रात, घालून तो आकडा सगळ्यांना लावू नका, प्रत्येक क्युव्हेटमध्ये शेवटी घाला.