म्हातारं माणूस घरात पडलं, तर या चुका टाळा

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, आणि रात्री-अपरात्री आलं की भरायला सगळ्यांच्या आधी उठते ती आजी. ओली मोरी, गुळगुळीत फरशी, झिजलेली स्लीपर. पडायला एवढं पुरतं.

पहिली चूक लगेच होते. "काही नाही झालं, उठा" म्हणत दोघं जण काखेत हात घालून उभं करतात. जांघेत कळ येत असेल, पाय आखूड दिसत असेल आणि पाऊल बाहेर वळलं असेल, तर खुबा मोडल्याची दाट शक्यता आहे. आहे तिथेच राहू द्या, अंगावर चादर टाका, 108 ला फोन करा. रिक्षात कोंबून नेऊ नका. डॉक्टरांनी बघेपर्यंत चहा-बिस्कीटही नको, ऑपरेशन लागू शकतं.

"चालता येतंय, मुका मार आहे," हे तर घरोघरी. पण हाडाला चीर जाऊन ते एकमेकांत रुतून बसलं, तर माणूस लंगडत का होईना चालतं. अशी चीर कधीकधी एक्स-रेतही दिसत नाही. पाय टेकला की दुखत असेल तर सीटी किंवा एमआरआयचं विचारा. चोळणं, हाडवैद्याची पट्टी यांनी मोडलेला खुबा जुळत नाही, उलट हाड सरकू शकतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र घरच्या बैठकीत ठरते: "पंच्याऐंशी वय, ऑपरेशन कशाला?" खाटेवर पडून राहिल्यानं पाठीला जखमा होतात, न्यूमोनिया होतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. खरा धोका तिथे आहे. ऑपरेशन शक्यतो 48 तासांच्या आत व्हावं, आणि बहुतेकांना दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं करतात. शुगर-बीपीसाठी थांबायचं की नाही, हे डॉक्टर ठरवतील, भाऊबंद नव्हे. पैशाची अडचण असेल तर सिव्हिल आहे; महात्मा फुले योजनेत बसतं का, तेही विचारा.

पायाच्या गडबडीत डोकं विसरलं जातं. वयानुसार मेंदू आकसतो, शिरा ताणल्या जातात, आणि किरकोळ माराचं रक्त आत हळूहळू साचतं. कधी दोन-तीन आठवड्यांनी आजोबा गुंगीत राहतात, बोलताना चुकतात, तोल जातो. घरचे म्हणतात, वय झालं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर टेंगूळ नसलं, उलटी नसली तरी त्याच दिवशी दाखवा, सीटी लागेल का विचारा. ती गोळी मात्र मनानं बंद करू नका. दुखतंय म्हणून मेडिकलमधून ब्रुफेन आणणंही टाळा, रक्तस्राव वाढू शकतो.

शेवटची चूक डिस्चार्जनंतरची. का पडले, हे कुणी विचारत नाही. बीपीच्या किंवा झोपेच्या गोळीनं उठताना चक्कर येते का? मोतीबिंदू आहे का? एक हाड मोडलं की दुसरं मोडायची शक्यता वाढते, म्हणून हाडांच्या ठिसूळपणाची तपासणी आणि औषध मागून घ्या. आणि मोरीत भिंतीला पक्का स्टीलचा दांडा बसवा. टॉवेल वाळत घालायचा दांडा माणसाच्या वजनाला उपटून येतो.