आठ बागा, चौसष्ट आकडे: जोडीच्या मोजणीवर परम्युटेशन चाचणी कशी करावी

समजा, तासगाव भागातल्या आठ द्राक्षबागा आहेत. प्रत्येक बागेच्या एका भागाला नवे खत, दुसऱ्याला नेहमीचे. मण्यात पाणी उतरल्यावर (मणी पिकू लागल्यावर) चार आठवडे, दर आठवड्याला दोन्ही भागांत रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्स, म्हणजे रसाची गोडी, मोजला. नव्या खताने गोडी खरेच बदलली, की फरक योगायोगाचा, हे परम्युटेशन चाचणीने तपासायचे: खतांची नावे उलटसुलट करून इतका फरक किती वेळा येतो ते मोजायचे. आकडे चौसष्ट झाले, पण पुरावा आठच बागांचा. हे विसरले की पुढचे सगळे गणित चुकते.

नवे खत कुठल्या भागाला, हे प्रत्येक बागेत आधी नाणे उडवून ठरवा. चाचणीचा सगळा आधार हाच. दर वेळी विहिरीकडची बाजूच नव्या खताला दिली, तर फरक खताचा की पाण्याचा हे कधीच कळणार नाही.

मग आठवड्यागणिक वजाबाकी करा (नवे वजा जुने) आणि बागेच्या चार फरकांची सरासरी काढा. समजा, ०.४, ०.२, ०.५, −०.१, ०.३, ०.६, ०.२, ०.३ आले. यांना दहाने गुणा. संगणकात दशांशांची बेरीज किंचित सरकते आणि पुढे चिन्हे उलटवताना मूळ बेरजेच्या बरोबरीत आलेली मांडणी मोजणीतून निसटते. आता बेरीज २४.

खताचा परिणाम शून्य असेल, तर नाणे उलटे पडूनही ब्रिक्स तेच आले असते; फक्त फरकाचे चिन्ह बदलले असते. म्हणून अधिक-उण्याच्या सगळ्या २५६ मांडण्या करा आणि २४ किंवा जास्त, तसेच −२४ किंवा कमी बेरजा मोजा. इथे चारच निघतात: २६, २४ आणि त्यांच्या उलट. पी-मूल्य (खताचा परिणाम नसतानाही इतका किंवा मोठा फरक योगायोगाने येण्याची शक्यता) ४/२५६, म्हणजे सुमारे ०.०१६.

पाच बागांत मांडण्या ३२. दोन्ही बाजू धरून पी ०.०६२५ च्या खाली जाऊच शकत नाही. पी ०.०५ च्या खाली हवा अशी अट असेल तर किमान सहा बागा हव्यात.

सर्रास होणारी चूक म्हणजे बत्तीस साप्ताहिक फरकांची चिन्हे सुटी सुटी उलटवणे. त्याच वेलींवरची या आठवड्याची गोडी मागच्या आठवड्याशी बांधलेली असते. सुटे उलटवले की पी सहसा खोटा लहान येतो. बागेचे चारही आठवडे एकत्रच उलटवा. फरक कोणत्या आठवड्यात पडला हे हवे असेल, तर प्रत्येक मांडणीत चार साप्ताहिक बेरजांपैकी (त्या त्या आठवड्याच्या सर्व बागांच्या फरकांची बेरीज) चिन्ह सोडून सर्वांत मोठी टिपा आणि प्रत्येक आठवड्याची मूळ बेरीज, चिन्ह सोडून, त्या यादीशी ताडा: यादीतले जितके आकडे तिच्याइतके किंवा मोठे, तो वाटा म्हणजे त्या आठवड्याचा पी.

वीस बागांच्या मांडण्या दहा लाखांवर जातात. तिथे यदृच्छेने ९,९९९ घ्या. मूळ बेरजेइतक्या किंवा तिच्याहून टोकाच्या बेरजा मोजा, त्या संख्येत १ (मूळ मांडणीचा) मिळवून १०,००० ने भागा, नाहीतर पी शून्य दिसेल. खते तीन असतील तर नावांची अदलाबदल बागेच्या आतच करा. एका बागेचा आकडा दुसरीत गेला की जोडी मोडली.