रात्रीच्या मालवाहू विमानावर निघण्याआधी: तयारीची यादी

रोस्टर, म्हणजे महिन्याच्या ड्यूट्यांचं वेळापत्रक, आलं की शहरांची नावं नंतर वाचा, आधी वेळा वाचा. प्रत्येक ड्यूटीसमोर पेन्सिलीने दोनच गोष्टी लिहा: या ड्यूटीआधी मी कधी झोपणार, आणि उतरल्यावर कधी झोपणार. जिच्यासमोर काही लिहिता येत नाही ती त्या ट्रिपमधली सगळ्यात अवघड ड्यूटी, मग उड्डाण दीड तासाचं का असेना. प्रवासी विमानांवरून किंवा थेट प्रशिक्षणातून मालवाहू विमानांवर येणाऱ्या वैमानिकांसाठी ही यादी आहे आणि तिचा बराचसा भाग झोपेचाच आहे. शर्ट किंवा चार्जर राहिला तर वाटेत घेता येतो. राहिलेली झोप ऐन वेळी कुठून आणणार?

हे काम मुळातच रात्रीचं. माल दिवसभर गोळा होतो, रात्री उडतो आणि सकाळी दारोदार पोचतो. अमेरिकेत मेम्फिसला फेडेक्सचं, लुईव्हिलला यूपीएसचं, जर्मनीत लाइपझिगला डीएचएलचं मोठं हब आहे, म्हणजे माल एकत्र करून वाटण्याचं केंद्र. तिथे रात्री एकामागून एक विमानं उतरतात, पार्सलं उतरवून गावोगावच्या ढिगांत लावली जातात आणि पहाटे तीच विमानं पुन्हा निघतात. १९७३ मध्ये १४ छोटी फाल्कन विमानं घेऊन फेडेक्सने मेम्फिसहून सुरुवात केली, तीही याच पद्धतीने. नेमकं रात्री २ ते सकाळी ६ या वेळात शरीराचं घड्याळ सगळ्यात खाली गेलेलं असतं. कितीही वर्षं रात्रीची ड्यूटी केली तरी हे बदलत नाही. ‘मला आता सवय झाली आहे’ असं म्हणणाऱ्या सहकाऱ्यावर या एका बाबतीत विश्वास ठेवू नका.

म्हणून पहिल्या रात्रीच्या ड्यूटीआधीचे दोन दिवस मोकळे ठेवा. आधीच्या दोन रात्री पोटभर झोपा, आणि निघण्याच्या दिवशी दुपारी पुन्हा दोन-तीन तास आडवे व्हा. झोप लागली नाही तरी अंधाऱ्या खोलीत पडून राहा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. घरच्यांना हे आधी सांगून ठेवलेलं असावं. दुपारी दार लावून झोपलेला माणूस आळशी वाटतो, आणि पाहुणे आले की त्याला उठवावंसं वाटतं. त्यांना रोस्टरची एक प्रत द्या, पण घरच्या वेळेत लिहिलेली, आणि कोणत्या तासांत फोन करायचा नाही ते तिच्यात रंगवून ठेवा. खरी अडचण आली तर कोणत्या नंबरवर कळवायचं तेही त्याच कागदावर हवं. तुमचा फोन बंद असेल, कंपनीचं ऑपरेशन्स चोवीस तास जागं असतं.

कागदपत्रांचं काम दहा मिनिटांचं आहे, पण ते निघायच्या रात्री करू नका. पासपोर्ट, क्रू व्हिसा, लायसन्स, मेडिकल (वैद्यकीय पात्रतेचा दाखला), कंपनीचं ओळखपत्र आणि पीतज्वराच्या लसीचं पिवळं कार्ड. ज्याला मुदत आहे त्याची मुदत फोनवर नोंदवून ठेवा आणि ती संपण्याच्या तीन महिने आधी आठवण लावा. चष्मा लागत असेल तर दुसरा जोड जवळ हवाच, अनेक देशांत मेडिकलवर ती अटच छापलेली असते.

कपड्यांबद्दल एवढंच: एकाच ट्रिपमध्ये अलास्कातल्या अँकरेजचा बर्फ आणि दुबईचं ऊन दोन्ही येऊ शकतं, तेव्हा एका जाड कोटापेक्षा एकावर एक घालता येणारे पातळ कपडे बरे. गणवेशाचा एक जोड जास्तीचा, कारण ट्रिप लांबते. मालवाहूवाल्यांची ट्रिप लांबणं काही विशेष नाही, माल तयार नसेल तर विमान थांबतं आणि त्याच्यासोबत तुम्हीही.

दोन घड्याळं ठेवा आणि त्यातलं मनगटावरचं यूटीसीवर, म्हणजे जगभर एकच धरलेल्या प्रमाणवेळेवर, लावा. ते कुठेही बदलायचं नाही. रोस्टर, हवामान, नोटॅम (विमानतळ आणि हवाई मार्गांबद्दलच्या सूचना) सगळं त्याच वेळेत येतं. तारखेकडे खास लक्ष द्या. हिवाळ्यात अँकरेज यूटीसीच्या ९ तास मागे असतं, म्हणजे १४ तारखेचा यूटीसी ०३:०० चा रिपोर्ट (कामावर हजर व्हायची वेळ) तिथे १३ तारखेला संध्याकाळी ६ वाजता असतो. फोन नव्या देशात उतरल्यावर आपोआप स्थानिक वेळ घेतो, आणि सलग उड्डाणांत कधी घेतो, कधी नाही. त्यामुळे हॉटेलात गजर लावताना फोनवर दिसणारी वेळ मनगटाशी ताडून बघा, मगच लावा.

आता मालाकडे वळू. प्रवासी विमानाचा वैमानिक दाराकडे पाठ करून कॉकपिटमध्ये जाऊ शकतो, आपल्याला तसं करता येत नाही. बोईंग ७७७ च्या मालवाहू विमानात शंभर टनांच्या आसपास माल मावतो आणि तो स्वतःहून पट्टा बांधून बसत नाही. २९ एप्रिल २०१३ रोजी अफगाणिस्तानातल्या बग्रामहून निघालेल्या नॅशनल एअरलाइन्सच्या ७४७ मध्ये लष्करी चिलखती गाड्या होत्या. टेकऑफ होताच त्यातली किमान एक सुटून मागे सरकली, तिने हायड्रॉलिक आणि शेपटीची यंत्रणा मोडली, आणि विमानातले सातही जण गेले. लोडमास्टरचं, म्हणजे माल चढवून बांधून घेणाऱ्याचं, काम तुम्ही करायचं नाही, पण त्याला प्रश्न विचारायचे. जड नग कोणता? तो कशाने बांधला? किती पट्टे लागायला हवे होते आणि किती लागले? शेवटच्या क्षणी काही बदललं का? त्याला घाई असेल, असू दे.

टॉर्च बाहेरच्या खिशात ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. मेन डेकवर, म्हणजे मालाच्या मुख्य मजल्यावर, जिथवर जाता येतं तिथवर जा आणि नुसतं बघू नका. पॅलेटवरच्या, म्हणजे माल रचलेल्या सपाट तळावरच्या, जाळीला हात लावून ती ओढून बघा, ती ताठ लागली पाहिजे. पॅलेट जमिनीवर रोलरवर बसतं आणि कडेचे लॉक वर उचललेले असतील तरच ते जागेवर राहतं. अर्धवट उठलेलं लॉक वरून नीट दिसत नाही, टॉर्च खाली तिरपी धरली की कळतं. खाली ओल दिसली किंवा वेगळा वास आला तर दार बंद होण्याआधीच बोला.

मग नोटॉक, म्हणजे धोकादायक मालाची कॅप्टनला मिळणारी सूचना. सही करण्याआधी ती ओळीओळीने वाचा. यूएन आकडा हा धोकादायक मालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक: यूएन ३४८० दिसलं तर त्या सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या. १ एप्रिल २०१६ पासून त्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेता येत नाहीत, त्यामुळे हवाई मार्गाने जाणाऱ्या सुट्या बॅटऱ्या तुमच्याच विमानात असणार. यूएन १८४५ म्हणजे कोरडा बर्फ. त्याचा कार्बन डायऑक्साइड होत राहतो, म्हणून जिवंत जनावरं जवळ असतील तर जागा पुन्हा तपासा. घोडे असतील तर त्यांची माणसं सोबत येतात. त्यांना ऑक्सिजन मास्क कुठे आहे ते स्वतः दाखवा आणि त्यांच्या भागाचं तापमान किती हवं ते त्यांनाच विचारा, ते त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. प्रत्येक धोकादायक नग कोणत्या पोझिशनवर आहे ते एका चिठ्ठीवर लिहून समोर लावा. आगीचा इशारा आला तर कागद शोधत बसायला वेळ नसतो.

मेन डेकवर आग विझवायला आपल्याकडे माणूस पाठवायचा नसतो. बहुतेक मालवाहू विमानांत हवेचा पुरवठा तोडून, केबिनचा दाब काढून टाकून आग दडपतात. ३ सप्टेंबर २०१० रोजी यूपीएसचं फ्लाइट ६ दुबईहून कोलोनला निघालं, मालात लिथियम बॅटऱ्या होत्या, आणि आग लागल्यावर कॉकपिटमध्ये इतका धूर भरला की समोरची उपकरणं दिसेनात. दोघेही वैमानिक गेले. म्हणून ऑक्सिजन मास्कची तपासणी ही माझ्या मते सगळ्या यादीतली पहिल्या क्रमांकाची गोष्ट आहे. टेस्टचं बटण दाबून मोकळं होऊ नका. मास्क बाहेर काढा, चेहऱ्यावर लावा, १०० टक्क्यांवर आहे का बघा, त्याच्या माइकमधून सहकाऱ्याशी बोला, गॉगल बसतो का ते पाहा. डोळे मिटून हात मास्कपर्यंत जातो का तेही एकदा करून बघा.

विमानात आपल्याला वाढायला कोणी नसतं. जेवणाचे ट्रे येतात, ओव्हनमध्ये आपणच गरम करायचे, आणि दोघांनी वेगवेगळं खायचं, म्हणजे एकाचं पोट बिघडलं तरी दुसरा शाबूत राहतो. रात्री तीन वाजता जड जेवू नका. कोरडा, न सांडणारा खाऊ आणि पाण्याची मोठी बाटली आपली आपण ठेवा, वरची हवा फार कोरडी असते. चहा-कॉफीचा हिशेब उलटा लावायचा. कॅफीनचा निम्मा अंश पाचेक तास शरीरात राहतो, तेव्हा हॉटेलच्या पलंगावर पडण्याआधीच्या सहा तासांत कप उचलू नका, डोळे कितीही जड झाले तरी. लांबच्या उड्डाणांत चार वैमानिक असतात आणि झोपायला बंक मिळतो. तिथे स्वतःची पातळ चादर, मोजे आणि डोळ्यांवरची पट्टी न्या. दोघेच असाल तर खुर्चीत झोपण्याची परवानगी आहे का ते नियमात बघा. नासाच्या अभ्यासात ४० मिनिटांच्या विश्रांतीत वैमानिक सरासरी २६ मिनिटं झोपले आणि त्यानंतर जास्त सावध राहिले. तरीही काही देश याला मान्यता देतात आणि अमेरिका देत नाही. हबवर वर्गवारी चालू असताना दोनेक तास मिळतात. गप्पांच्या खोलीत जाऊ नका, झोपायच्या खोलीत जा, आणि जाग आल्यावर निदान वीस मिनिटं कोणताही निर्णय नको.

हॉटेलात पोचल्यावर चावी घेण्याआधी खोली कुठे आहे ते विचारा. लिफ्टशेजारी, बर्फाच्या मशीनशेजारी किंवा रस्त्याच्या बाजूला नको, आणि बदलून मागायला संकोच करू नका. खोलीत शिरलात की झोपण्याआधीची कामं ठरलेली: दारावर ‘त्रास देऊ नका’ची पाटी, रिसेप्शनला फोन करून साफसफाईवाल्यांना कळवणं, खोलीतला फोन शांत करणं, आणि पलंगाजवळचं घड्याळ तपासणं. आधीच्या पाहुण्याने लावलेला गजर त्यात असतो आणि तो तुमच्या झोपेच्या ऐन मध्यात वाजतो. पडद्यांच्या मधल्या फटीतून उन्हाची एक तिरीप नेमकी उशीवर येते. कपाटातल्या हँगरच्या चिमट्यांनी ती फट बंद होते, चिमट्याचे हँगर नसतील तर स्वतःचे दोन चिमटे बॅगेत हवेत. दाराखालच्या फटीला टॉवेल. खोली थंड. गजर दोन, त्यातला एक फोनचा नसावा.

लेओव्हर, म्हणजे दोन उड्डाणांमधला मुक्काम, किती तासांचा आहे यावर पुढचं सगळं ठरतं. बारा-चौदा तासांचा सोपा असतो: झोपा, आंघोळ करा, निघा. सगळ्यात फसवा चोवीस तासांचा. सकाळी ६ ला उतरलात, ८ ला झोपलात, दुपारी १ ला जाग आली आणि पुढचा रिपोर्ट पहाटे ५ ला. दुपारनंतर झोपला नाहीत तर कामावर याल तेव्हा सोळा तास जागे असाल, आणि उड्डाण अजून व्हायचंय. म्हणून इथे झोप दोन तुकड्यांत घ्यायची: सकाळी चार-पाच तास, मग उन्हात फिरणं आणि एक नीट जेवण, आणि रात्री ८ ते ३ पुन्हा पलंग. दोन दिवसांच्या आतल्या मुक्कामात स्थानिक वेळेशी जुळवून घ्यायच्या भानगडीत पडू नका. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासभरच सरकतं, त्यामुळे ते जुळायच्या आत तुम्ही निघालेले असता. चार-पाच दिवसांचा मुक्काम असेल तर जरूर जुळवा. अँकरेजला असे मुक्काम बऱ्याच जणांच्या वाट्याला येतात, कारण आशिया आणि अमेरिकेमधली मालवाहू विमानं तिथे इंधनाला थांबतात: कमी इंधन म्हणजे जास्त माल.

शहर बघा, अगदी जरूर बघा. पण फिरण्याची वेळ झोपेतून कापू नका. १४ ऑगस्ट २०१३ रोजी पहाटे अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमला उतरताना यूपीएसचं फ्लाइट १३५४ कोसळलं आणि दोन्ही वैमानिक गेले. अस्थिर अप्रोच, म्हणजे नीट न बसलेली उतरण, तसाच पुढे नेणं हे मुख्य कारण होतं. पण अमेरिकेच्या तपास मंडळाने फर्स्ट ऑफिसरच्या, म्हणजे सहवैमानिकाच्या, थकव्याचाही उल्लेख केला, आणि त्यामागे ड्यूटीबाहेरचा वेळ झोपेसाठी पुरेसा वापरला न जाणं हे नोंदवलं. पुढच्या जानेवारीत तिथे विश्रांतीचे नवे नियम लागू झाले ते प्रवासी विमानांसाठी, मालवाहू कंपन्यांना त्यातून वगळलं गेलं. पहाटे चारला सगळ्यांचं शरीर सारखंच असतं, माल असो की माणसं, त्यामुळे हा भेद मला आजही पटत नाही. नियम जेवढं देतो त्याहून जास्त विश्रांती आपल्याला आपणच ठरवून घ्यावी लागते.

त्यासाठी शेवटचा एक नंबर फोनमध्ये वर ठेवा: थकव्यामुळे उड्डाण करू शकत नाही हे जिथे कळवायचं तो. काय बोलायचं तेही आधी ठरवून ठेवा. ‘मी उड्डाणासाठी तंदुरुस्त नाही’ एवढं वाक्य पुरतं. कारणं देत बसलात की समोरचा माणूस वाटाघाट सुरू करतो. सहकाऱ्याला रिपोर्टच्या वेळी ‘किती झोपलास?’ असं थेट विचारा आणि आपलंही खरं उत्तर द्या.

परतल्यावर विमानतळावरून घरापर्यंत गाडी स्वतः चालवायची नाही. रात्रभर जागलेल्या माणसासाठी ट्रिपमधला तो सगळ्यात धोक्याचा टप्पा आहे. टॅक्सी करा, कोणाला तरी बोलवा, नाहीतर विमानतळावरच दीड तास झोपून निघा. घरी पहिल्या दिवशी दिवसा तीन तासांहून जास्त झोपू नका, म्हणजे रात्रीची झोप वेळेवर लागेल. बँकेची कामं, शाळेतल्या भेटी, घरातली मोठी बोलणी दुसऱ्या दिवशीची ठरवा. बॅग मात्र त्याच संध्याकाळी रिकामी करा, इअरप्लग आणि टॉर्चचे सेल नवे टाका, आणि गणवेश धुवायला द्या.