शेपरचा कटर घेताना आधी स्पिंडल मोजा, मग प्रोफाइल बघा

फोंड्याला माझं दारं-खिडक्या नि देव्हाऱ्यांचं छोटं वर्कशॉप आहे, आणि चवथ जवळ आली की नवीन शेपर, म्हणजे लाकडाच्या कडेला नक्षी नि खाच मारणारं मशीन, घेतलेल्या पोरांचे फोन सुरू होतात, "दादा, कुठला कटर सेट घेऊ?" मी उलट विचारतो, स्पिंडल, म्हणजे कटर बसतो तो फिरणारा दांडा, किती मिमीचा आहे नि स्पीड किती? निम्म्या वेळा उत्तर नसतं. डब्यातली बारा प्रोफाइल, म्हणजे कडेचे आकार, बघून पैसे दिलेले असतात आणि मशीनवर बसवायला गेलं की बोअर, म्हणजे कटरच्या मधलं भोकच, जुळत नाही.

स्पिंडल कॅलिपरने मोजा. ३० मिमी वेगळा, सव्वा इंची म्हणजे ३१.७५ वेगळा, एक इंची म्हणजे २५.४. कटरचं बोअर मोठं असेल तर बरोब्बर मापाचा बुश, म्हणजे मधे बसणारी रिंग, घ्या, कागद नाहीतर टेप गुंडाळून बसवायचं नाही, कटर जरा जरी सेंटरच्या बाहेर फिरला तर थरथर येते, फिनिश जाते आणि बेअरिंगही खाल्ली जाते.

मग स्पीड. एक सोपा हिशोब वहीत लिहून ठेवा: कटरचा व्यास मिमीत गुणिले आरपीएम, भागिले १९१००, म्हणजे धारेचा वेग मीटर प्रति सेकंदात. १२५ मिमीचा ब्लॉक, म्हणजे पाती बसवलेला कटर, ६००० वर चालवला तर साधारण ३९ येतात. हाताने लाकूड ढकलताना ४० ते ७० च्या मधे ठेवतात, म्हणजे हाच ब्लॉक ८००० वर ५२ ला छान चालेल, पण २०० मिमीचा पॅनल कटर त्याच ८००० वर ८४ ला जातो, तो स्पीड खाली आणल्याशिवाय चालवायचाच नाही. आणि कटरवर कोरलेला जास्तीत जास्त आरपीएम कधीच ओलांडू नका. युरोपियन पद्धतीच्या कटरवर 'मॅन' असं कोरलेलं असतं, म्हणजे हाताने फीड करायला चालतो. ते नसेल तर हाताच्या कामाला घेऊ नका.

आता खरा प्रश्न, ब्रेझ केलेले कार्बाइड कटर घ्यायचे, ज्यात धारेचा तुकडा बॉडीला कायमचा जोडलेला असतो, की इन्सर्ट नाइफवाले, ज्यात पाती बदलता येतात. माझं मत स्पष्ट आहे, दारांचं काम रोज असेल तर इन्सर्ट. मी आधी शटरसाठी ब्रेझवाली जोडी घेतली होती, एक उभ्या पट्टीला, एक आडव्या पट्टीला. पहिलं वर्ष सुंदर गेलं. मग धार लावायला दिली, तिथे एका कटरचा फेस वेगळ्या अँगलने घासला गेला, आणि सागवानाच्या आठ दारांचे जोड केसभर उघडे राहिले. ती दारं मी पुन्हा नव्याने बनवली, लाकूड माझ्या अंगावर पडलं. इन्सर्टमधे पातं बोथट झालं की नवीन घालायचं, व्यास तोच नि प्रोफाइल तेच, फेन्सची, म्हणजे लाकूड टेकवायच्या पट्टीची, सेटिंगही हलत नाही. सुरुवातीला बॉडी महाग पडते खरी, पण सागवानात सिलिका असते, ती धार लवकर खाते, त्यामुळे पात्यांचा खर्च तसाही ठरलेला आहे.

पात्याचा माल कुठला, हे लाकडावरून ठरवा. एमडीएफ नि प्लायला कार्बाइडच, तिथल्या गोंदात हायस्पीड स्टीलची धार टिकत नाही. फणसासारख्या लाकडावर हायस्पीड स्टील सुरेख चालतं, धार जास्त बारीक बसते. मत्ती नि सागवान, दोन्हीला मी कार्बाइड लावतो.

एकच ब्लॉक घ्यायचा असेल तर ४० बाय ४ मिमीची पाती घेणारा युरो ब्लॉक घ्या, प्रत्येक पात्यामागे दोन पिनची भोकं असतात, त्यामुळे पातं दाबून धरणारी वेज थोडी सैल राहिली तरी पातं उडून जात नाही. त्याच्यासोबत लिमिटर, म्हणजे पातं एका वेळी किती खोल कापेल ते रोखणारे तुकडे, जोडीने येतात, ते पात्याच्या प्रोफाइलचेच हवेत, कारण पातं लिमिटरच्या पुढे १.१ मिमीपेक्षा जास्त डोकावू नये, म्हणजे हाताला ओढ कमी बसते नि लाकूड मागे फेकलं जायचा धोकाही कमी होतो. जुना चौकोनी ब्लॉक, ज्यात पाती नुसत्या बोल्टवर असतात, तो कुणी स्वस्तात दिला तरी घेऊ नका, असा ब्लॉक मी माझ्या कामगारांच्या हातात देणार नाही.

खाच मारायला वेगळा १२५ बाय ५० मिमीचा रिबेट ब्लॉक असला की बरं, त्याची सरळ पाती उलटून वापरता येतात. कडेला छोटी चौकोनी पाती असतात त्यांना चार धारा, एक बोथट झाली की फिरवायची.

पातं बदलताना मशीनचा मेन स्विच बंद करा, मग पातं बसतं ती सीट ब्रशने साफ करा, राळेचा कण राहिला तर पातं तिरकं बसतं. कटर बनवणाऱ्याने दिलेल्या टॉर्कने, म्हणजे सांगितलेल्या जोरानेच, स्क्रू आवळा, पाईप लावून नको. दोन्ही पाती एकदम बदला, एक नवं एक जुनं चालवू नका. अ‍ॅल्युमिनियमची बॉडी कॉस्टिकच्या पाण्यात बुडवू नका, खाल्ली जाते.

आणि पावसाळ्यात कटर मशीनवरच सोडून घरी जाऊ नका. आपल्याकडे जूनपासून हवा अशी की आठवड्यात स्क्रूच्या डोक्यांना गंज दिसतो. मी हलकं तेल पुसून डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवतो, पुडी दर पंधरवड्याला तव्यावर गरम करून परत आत.