फोनवर स्वतःचं व्हायोलिन रेकॉर्ड करून रियाज कसा तपासायचा

वाजवताना आपल्याला ऐकू येतं ते आणि समोरच्याला ऐकू येतं ते वेगळं असतं. व्हायोलिन डाव्या कानाला जवळजवळ चिकटलेलं, डोकं गज (तारांवर फिरवायची काठी, म्हणजे बो), लय, पुढचा स्वर यात अडकलेलं, मग ऐकायला उरतंच कोण. मी कितीतरी महिने माझा सूर बरा आहे या भ्रमात होतो. रेकॉर्डिंग ऐकलं तर तिसरं बोट दर वेळी सुराच्या जरासं खाली पडत होतं, तेही अगदी नेमाने!

लगेच माईक विकत घेऊ नका, फोन पुरतो. फक्त तो म्युझिक स्टँडवर नको, फार जवळ होतो आणि गजाची खरखरच जास्त येते. दीड-दोन मीटर लांब, साधारण व्हायोलिनच्या उंचीला ठेवा, खाली घडी घातलेलं कापड टाका. पडदे, गादी, कपडे असलेली खोली घ्या. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, छान वाटतं, पण त्या घुमण्यात बेसूर लपतं. फ्लाइट मोड लावा. आणि रेकॉर्डर अ‍ॅपमध्ये नॉइज रिडक्शन असेल तर बंदच करा, ते लांब धरलेल्या स्वरालाच पंख्याचा आवाज समजून खाऊन टाकतं.

अख्खा पीस नको, तीस-चाळीस सेकंदांचा अडणारा तुकडा घ्या. आणि पहिला टेक ठेवा, पाचवा नाही, कारण पाचव्यापर्यंत हात गरम झालेला असतो आणि आपली खरी अवस्था पहिल्यातच कळते (लाज वाटते, वाटू दे).

लगेच ऐकू नका, दोन-चार तासांनी इअरफोन लावून ऐका आणि एका वेळी एकच गोष्ट शोधा. आधी सूर. ए तारेवर पहिल्या पोझिशनला (हात मानेच्या टोकाशी, स्क्रोलजवळ असताना) तिसरं बोट म्हणजे डी, तो बरोबर लागला की शेजारची मोकळी डी तार आपोआप झंकारते आणि गज उचलल्यावरही क्षणभर गुंजत राहते. रेकॉर्डिंगमध्ये स्वर कोरडा तुटला तर बोट चुकलंय, ट्यूनर बघायचीही गरज नाही. मग लय, पायाने ठेका धरून. सोप्या जागी आपण पळतो आणि अवघड जागी रेंगाळतो, हे पायाला बरोबर कळतं. शेवटी स्पीड अर्धा करा, पट्टी तीच राहते, पण पोझिशन बदलतानाची घसरण आणि गज फिरतानाची फट उघडी पडते. ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये फाईल उघडली तर हे दिसतंसुद्धा. गज टोकाकडे गेला की वजन कमी होतं, त्यामुळे लांब स्वराची आकृती मुळ्यासारखी निमुळती होत जाते.

गज वाकडा जातो का हे मात्र ऐकून नक्की कळत नाही, त्याला व्हिडिओच लागतो. घोडी (तारा ज्यावर टेकतात तो लाकडी तुकडा) दिसेल असा कॅमेरा लावा, सेल्फी कॅमेरा टाळा, नाहीतर काही फोनमध्ये उलट्या चित्रात तुम्ही डावखुरे दिसाल आणि पाच मिनिटं त्यातच जातील. गज घोडीला समांतर हवा. टोकाशी येताना कोपर मागे गेलं की तो तिरका होतो, बहुतेकांचं तिथेच बिनसतं.

जे सापडेल त्यातली एकच चूक उद्याच्या रियाजाला घ्या. फाईल उडवू नका, नावात तारीख आणि टेम्पो (लयीचा वेग) टाका, महिन्याने तोच तुकडा त्याच टेम्पोला परत वाजवून दोन्ही शेजारी ठेवून ऐका.