दादाच्या रॉक ऑपेरात गाताना

घरच्याच माणसाने लिहिलेल्या रॉक ऑपेरात, म्हणजे रॉक बँडवर गाऊन सांगितलेल्या नाटकात, पहिल्यांदा उभे राहणार असाल, तर मला उशिरा कळलेल्या काही गोष्टी आधीच सांगून ठेवते.

माझ्या दादाने पानशेतच्या पुरावर रॉक ऑपेरा लिहिला. १२ जुलै १९६१ रोजी काम अर्धवट असलेलं पानशेतचं मातीचं धरण फुटलं, त्या लोंढ्यात खडकवासल्याचं धरणही गेलं आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आमची आजी तेव्हा नारायण पेठेत राहायची. आदल्या रात्री जवान धरणावर पोती रचत होते, त्या रात्रीचं गाणं माझ्या वाट्याला आलं.

'संगीत शाकुंतल'पासून, म्हणजे १८८० पासून, आपल्याला पद संपलं की संवाद येतो याची सवय आहे. तेवढ्यात नट दम घेतो. इथे संवादच नव्हते, सव्वा तास सगळं गाऊनच. म्हणून दम कुठे घ्यायचा याच्या खुणा पहिल्या आठवड्यातच संहितेवर करा.

चाल शिकण्याआधी शब्द नुसते मोठ्याने वाचा. दादाने एका ओळीत 'धरण'मधल्या 'ध'वर लांब सूर ठेवला होता. ड्रम्ससोबत तो जोरदार वाटायचा, पण ऐकणाऱ्याच्या कानावर 'धारण' पडायचं. लिहिणाऱ्याला स्वतःचे शब्द पाठ असतात, त्यामुळे त्याला हे ऐकू येत नाही. गाणाऱ्यानेच सांगायला हवं. मी भीत भीत सांगितलं आणि त्याने त्याच रात्री ओळ फिरवली.

पट्टीचं मात्र इतकं सहज सुटलं नाही. गाणं पांढरी तीनमध्ये होतं, म्हणजे पेटीवरची तिसरी पांढरी पट्टी 'सा' धरून. वरचे सूर मी दोन आठवडे ओढून गायले आणि आवाज बसला. मी पट्टी उतरवायला सांगितली, पण गिटारचा मुख्य तुकडा मोकळ्या, म्हणजे बोटाने न दाबलेल्या, तारेवर बांधलेला असल्याने तो मरेल म्हणून दादा हटून बसला. बहीण म्हणून मी गप्प बसले, ती माझी चूक. दुसऱ्या कुणाच्या नाटकात मी दुसऱ्याच दिवशी बोलले असते. शेवटी गिटारवाल्यानेच सगळ्या तारा एका पूर्ण स्वराने खाली लावल्या. गाणं पांढरी दोनमध्ये आलं, मोकळी तारही राहिली आणि बास उलट अधिक भरदार वाटू लागला.

सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे तालमीतल्या सूचना. दादा हॉलमध्ये मला काहीच सांगायचा नाही, रात्री अकराला घरी ताटावर बसून सांगायचा. दुसऱ्या दिवशी मी वेगळंच गायचे आणि बाकीचे गोंधळायचे. एकीला वाटलं, मला घरची म्हणून सूट आहे. ते कळलं तेव्हा फार लागलं मला. मग आम्ही ठरवलं की जे बोलायचं ते हॉलमध्येच, सगळ्यांसमोर, आणि सहायक ते वहीत लिहील. जेवताना तालमीचा विषय बंद. आईने हा नियम आमच्याहून कडक पाळला.

बँड असेल तर कानातला मॉनिटर मागून घ्या. ड्रम्सशेजारी स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, मग माणूस नकळत ओरडतो. नाटकाच्या प्रयोगाला परवानगी देणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्रासाठी संहिता द्यावी लागते आणि इथे गाणी हीच संहिता, म्हणून शब्द वेळेत पक्के करा.

पहिल्या प्रयोगाला आजी तिसऱ्या रांगेत होती. घरी आल्यावर तिने आधी माझ्याकडे पाणी मागितलं, मग दादाला जवळ बसवून सांगितलं की पाणी ओसरल्यावर वाड्यात जो चिखल राहिला, त्याचं गाणं यात नाही. तो वही घेऊन बसला. दुसऱ्या प्रयोगाच्या चार दिवस आधी नवं गाणं माझ्या हातात आलं. वरच्या कोपऱ्यात त्याने आधीच लिहून ठेवलं होतं: पांढरी दोन.