परदेशी जाताय? दवाखान्याची तयारी कोल्हापुरातच करा

कोल्हापुरात दात ठणकला की राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत एखादा दातांचा दवाखाना गाठायचा. गुडघा धरला की थेट हाडांच्या डॉक्टरकडे, आणि गोळी संपली की जुनं रिकामं पाकीट मेडिकलवाल्याला दाखवायचं. परदेशात ह्यातलं बहुतेक काही चालत नाही. तिथे आधी नावनोंदणी, मग नेहमीचा डॉक्टर, त्याची चिठ्ठी, आणि मग तज्ज्ञ. हा क्रम आजारी पडल्यावर शिकायला बसलात तर महागात पडतं. म्हणून निम्मी तयारी इथे असतानाच करायची, आणि ती विमानाच्या आदल्या आठवड्यात होत नाही. निदान दोन महिने हाताशी ठेवा.

आधी दात, चष्मा आणि लसी

दात पहिले, कारण बऱ्याच देशांत नेहमीच्या विम्यात दातांचा खर्च धरत नाहीत किंवा अर्धवट धरतात. रूट कॅनॉलला दोन-तीन बैठका आणि वर कॅप लागते, त्यामुळे ते शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. चष्म्याचा नंबर काढून दोन जोड्या करा आणि नंबरचा कागद जवळ ठेवा.

विद्यार्थ्यांनी लसींचे कागद शोधावेत. अमेरिकेतली बहुतेक विद्यापीठं गोवर-गालगुंड-रुबेलाच्या दोन डोसांचा दाखला मागतात आणि त्या दोन डोसांत किमान २८ दिवसांचं अंतर लागतं. लहानपणीचं कार्ड घर बदलताना हरवलं असेल तर रक्तातल्या अँटिबॉडी तपासून घ्या, नाहीतर लस पुन्हा घ्या. आणखी एक गोष्ट: आपल्याकडे बहुतेकांना जन्मल्यावर बीसीजी ही टीबीची लस टोचलेली असते. तिथे हातावर टीबीची त्वचेची चाचणी केली तर ह्या लसीमुळेच ती पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून 'इग्रा' नावाची रक्ताची चाचणी मागा, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही.

आखाताची मेडिकल आणि ब्रिटनचा एक्स-रे

सौदी, कुवेत, कतारसारख्या आखाती देशांच्या नोकरीच्या व्हिसासाठी 'वाफिद' ह्या ऑनलाइन यंत्रणेतून तपासणी ठरवावी लागते. जुनी मंडळी तिला अजून 'गामका' म्हणतात. मान्यता असलेल्या केंद्रातलाच दाखला चालतो, त्यामुळे महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबई गाठण्याची तयारी ठेवा. तपासणीत छातीचा एक्स-रे, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस आणि बायकांची गरोदरपणाची चाचणी असते. सर्वांत जास्त लोक अडकतात ते एक्स-रेवर. लहानपणी टीबी होऊन बरा झालेला असला तरी फुप्फुसावरचा डाग राहतो आणि त्यावरून 'अनफिट' शिक्का बसू शकतो. म्हणून एजंटला पैसे देण्याआधी कोल्हापुरातल्या सीपीआर ह्या सरकारी रुग्णालयात किंवा कुठल्याही चांगल्या लॅबमध्ये एक्स-रे आणि वरच्या रक्ततपासण्या करून बघा. काही निघालंच तर लाखभर रुपये गुंतण्याआधी कळतं. त्या देशात पोचल्यावर रहिवासी परवान्यासाठी पुन्हा तपासणी होते, हेही धरून चाला.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर बहुधा 'ईसीआर' असतं, म्हणजे काही देशांत कामाला जाण्याआधी सरकारची मंजुरी लागते असा शेरा. त्यांना आखातात कामाला जाताना प्रवासी भारतीय बीमा योजना सक्तीची आहे. हप्ता २ वर्षांचा २७५ रुपये आणि ३ वर्षांचा ३७५ रुपये, अधिक लागू कर. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाखांचं संरक्षण मिळतं. एजंट 'इन्शुरन्सचे पाच हजार' मागत असेल तर कुठला इन्शुरन्स, पॉलिसी दाखव, एवढं विचारायला लाजू नका.

ब्रिटनला ६ महिन्यांहून जास्त राहायला जायचं असेल तर टीबीचा दाखला लागतो आणि तो त्यांनी मान्य केलेल्या क्लिनिकचाच. आपल्या नेहमीच्या लॅबचा एक्स-रे कितीही स्वच्छ असला तरी चालत नाही. दाखल्याची मुदत ६ महिने, म्हणून फार आधीही करून ठेवू नका.

गोळ्यांची पिशवी

सगळ्यात जास्त घोटाळे इथे होतात, म्हणून सावकाश वाचा.

डॉक्टरकडून चिठ्ठी इंग्रजीत, टाइप केलेली, सही-शिक्क्याची आणि औषधाच्या मूळ नावाने लिहून घ्या. आपल्या गोळीचं कंपनीचं नाव तिथे कोणाला कळणार नाही. नाव मूळचं असलं तरी देशागणिक बदलतं: आपलं पॅरासिटामॉल अमेरिकेत 'असिटॅमिनोफेन', दम्याच्या पंपातलं सालब्युटामॉल तिथे 'अल्ब्युटेरॉल'. दुसरी अडचण एकाच गोळीत दोन-तीन औषधं असण्याची. बीपीची तीन घटकांची किंवा शुगरची दोन घटकांची ती गोळी त्याच मापात तिथे मिळेलच असं नाही. घटक आणि प्रत्येकाचे मिलिग्रॅम सुटे लिहून घ्या, म्हणजे तिथला डॉक्टर वेगवेगळ्या गोळ्या देऊ शकतो.

किती न्यायच्या? साधारण तीन महिन्यांच्या. अमेरिकेतही स्वतःपुरतं ९० दिवसांचं औषध हा सर्वसाधारण निकष आहे. गोळ्या मूळ पाकिटात, बिल आणि चिठ्ठी सोबत, हातातल्या बॅगेत. डबीत सुट्या करून भरू नका. 'नंतर कुरियरने पाठवू' ह्या भरवशावर राहू नका, बऱ्याच देशांत टपालाने आलेलं औषध कस्टममध्येच अडकतं.

आता धोक्याचं. ट्रामाडॉल, कोडीन असलेली खोकल्याची औषधं, झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या, नसांच्या दुखण्यावरची प्रिगॅबालिन ही संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित औषधं आहेत. ती न्यायची असतील तर तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी आधी काढावी लागते. जपानमध्ये सर्दीच्या काही साध्या गोळ्यांतल्या स्यूडोएफेड्रिनवरही बंधन आहे. आणि कोल्हापूरकरांसाठी खास: खसखस! पांढऱ्या रश्शाचा आणि घरच्या मसाल्याचा हा जीव सौदी आणि अमिरातीत अमली पदार्थांच्या यादीत मोडतो. आईने प्रेमाने बांधून दिलेल्या मसाल्याच्या पुड्यात ती आहे का, हे निघण्याआधी विचारा.

त्याहून महत्त्वाचं: 'आमच्या पोराला एवढं औषधाचं पाकीट द्या' म्हणून गल्लीतल्या कोणी काही दिलं तर घेऊ नका. वाईटपणा घ्या. विमानतळावर बॅग ज्याची, जबाबदारी त्याची.

आयुर्वेदिक भस्मं आणि रसकल्प शक्यतो इथेच ठेवा. काहींत शिसं, पारा असतो, आणि तिथल्या डॉक्टरला न सांगता घेत राहिलात तर बिघडलेल्या रिपोर्टचं कारण त्यांना सापडत नाही.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी हे दोनदा वाचा

आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा यू-४० असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. बहुतेक परदेशांत बाटली यू-१०० ची आणि सिरिंज नारिंगी टोपणाची. तिथली बाटली आणि इथली सिरिंज अशी गल्लत झाली तर २० च्या खुणेपर्यंत भरलेलं औषध प्रत्यक्षात ५० युनिट होतं. शुगर इतकी खाली जाईल की जिवावर बेतेल. उलट गल्लत झाली तर २० च्या जागी ८ च युनिट जातात आणि शुगर चढत राहते. शक्य असेल तर जाण्याआधी डॉक्टरला विचारून पेनवर या. पेनमधलं इन्सुलिन इथेही बहुधा यू-१०० असतं.

इन्सुलिन चेक-इनच्या सामानात टाकू नका, तिथे ते गोठू शकतं आणि गोठलेलं पुन्हा वापरायचं नसतं. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो: दुबईला दीड तास, जर्मनीला साडेतीन ते साडेचार, न्यूयॉर्कला साडेनऊ ते साडेदहा तास. दुबईसाठी फारसं काही बदलावं लागत नाही, पण अमेरिकेच्या प्रवासातले डोस डॉक्टरकडून तासांनिशी लिहून घ्या.

मोजमापंही बदलतात. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात शुगरचा आकडा वेगळ्या एककात येतो. आपला आकडा १८ ने भागा: १२६ म्हणजे ७, १८० म्हणजे १०. तिथे मीटरवर १५ दिसलं तर 'शुगर पडली' म्हणून साखर खाऊ नका, ती आपल्या हिशेबाने २७० आहे. तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, ब्रिटनमध्ये टक्क्यांत सांगत नाहीत. आपले ७ टक्के म्हणजे त्यांचे ५३.

पोचल्यावर पहिले पंधरा दिवस

ब्रिटन: व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरलेला असतो, वर्षाला १,०३५ पौंड, विद्यार्थ्यांना ७७६. तो भरला म्हणून डॉक्टर आपोआप मिळत नाही. घराजवळच्या जीपीकडे, म्हणजे तिथल्या नेहमीच्या डॉक्टरकडे, स्वतः नाव नोंदवावं लागतं. ते फुकट आहे आणि पत्त्याचा पुरावा नाही म्हणून तुम्हाला परत पाठवता येत नाही. तातडीचं पण जिवावरचं नसेल तर १११, जिवावरचं असेल तर ९९९. इंग्लंडमध्ये चिठ्ठीवरच्या दर औषधाला ९.९० पौंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये काही नाही. साध्या सर्दीला अँटिबायोटिक मिळणार नाही. डॉक्टर निष्काळजी आहे असा त्याचा अर्थ नाही.

जर्मनी: सार्वजनिक विमा घेतलात तर पगाराच्या १४.६ टक्के आणि थोडा जादा हप्ता कटतो, त्यातला निम्मा मालक भरतो. कमाई नसलेली बायको किंवा नवरा आणि मुलं त्याच हप्त्यात येतात. नव्याने येणाऱ्यांसाठीचे स्वस्त खासगी विमे भुरळ घालतात, पण जुने आजार बहुधा वगळलेले असतात आणि खासगीतून सार्वजनिकमध्ये परतणं अवघड असतं. नेहमीचा डॉक्टर म्हणजे 'हाउसआर्ट्स्ट', तज्ज्ञासाठी त्याची चिठ्ठी घ्या. आजारी पडलात तर पहिल्याच सकाळी कामावर कळवा. तीन दिवसांहून जास्त घरी राहिलात तर चौथ्या दिवशी डॉक्टरचा दाखला लागतो, काही मालक आधीही मागतात. दवाखाने बंद असताना ११६११७, जिवावरचं असेल तर ११२.

आखात: विम्याचं कार्ड मालकाकडून पहिल्याच आठवड्यात मागून घ्या. कार्डावर नेटवर्कचं नाव असतं, त्या यादीतल्याच दवाखान्यात जा. एमआरआय किंवा शस्त्रक्रियेसाठी आधी मंजुरी लागते. रुग्णवाहिकेचा नंबर अमिरातीत ९९८, सौदीत ९९७. उन्हात काम असेल तर अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम बंद ठेवण्याचा नियम आहे. तहान लागायची वाट न बघता पाणी प्या. लघवी गडद पिवळी होणं ही पहिली खूण. गरीब, अडचणीत सापडलेल्या कामगारांसाठी भारतीय दूतावासाकडे समाज कल्याण निधी असतो, आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर घरचे कोल्हापुरातूनही तक्रार नोंदवू शकतात.

अमेरिका: इथे विम्याची भाषाच शिकावी लागते. समजा डिडक्टिबल, म्हणजे विमा कंपनी पैसे देऊ लागण्याआधी तुम्ही स्वतः भरायची रक्कम, २,००० डॉलर आहे आणि त्यापुढे तुमचा वाटा २० टक्के. ५,००० डॉलरचं बिल आलं तर आधीचे २,००० पूर्ण तुमचे, उरलेल्या ३,००० चे २० टक्के म्हणजे ६००. एकूण २,६००. वेळ घेताना 'माझा विमा चालतो का' असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. 'माझ्या ह्याच प्लॅनच्या नेटवर्कमध्ये तुम्ही आहात का' असं विचारा. ताप, मुरगळलेला पाय ह्यांसाठी अर्जंट केअर, म्हणजे तातडीच्या पण जिवावर नसलेल्या दुखण्यांचा दवाखाना. छातीत दुखणं, अर्धांगाची लक्षणं ह्यांसाठी ९११ आणि इमर्जन्सी. पैसे नाहीत म्हणून इमर्जन्सीतून तपासल्याशिवाय परत पाठवायला कायद्याने बंदी आहे, बिल मात्र नंतर येतंच. ते आलं की लगेच भरू नका. प्रत्येक बाब वेगळी दाखवणारं बिल मागा, विमा कंपनीच्या पत्राशी ताडून बघा, आणि रुग्णालय धर्मादाय असेल तर मदतीचा अर्ज मागा. बाळ झालं तर ३० दिवसांत त्याचं नाव विम्यात घाला.

आई-वडील भेटीला येणार असतील तर त्यांच्या प्रवासी विम्यात जुन्या बीपी-शुगरचं काय, हे पॉलिसीत वाचा, एजंटच्या तोंडून ऐकू नका. दवाखान्यात दुभाषा मोफत मागता येतो, ब्रिटन-अमेरिकेत तशी सोय असते. मराठी मिळाला नाही तर हिंदी मागा. पोरांनी मध्ये बसून भाषांतर केलं की वडील निम्मं दुखणं लपवतात.

इथली पॉलिसी आणि सुट्टी

परदेशी विमा मिळाला म्हणून भारतातली मेडिक्लेम बंद करू नका. बंद करून पुन्हा घेतलीत तर जुन्या आजारांसाठी ३६ महिन्यांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ नव्याने सुरू होऊ शकतो, आणि परतताना तुमचं वयही वाढलेलं असतं.

गणपतीला किंवा दिवाळीला आलात की तपासण्या पहिल्या तीन दिवसांत उरका, शेवटच्या दिवशी नको. रिपोर्टमध्ये काही निघालं तर डॉक्टरला गोळी बदलायला आणि ती मानवते का बघायला दहा-बारा दिवस लागतात. पाहुण्यांच्या जेवणावळी सुरू होण्याआधी घेतलेलं रक्तही जरा खरं बोलतं.